वास न आलेला हिवाळा

राजाजीनगरच्या बाजारात अवरेकाई आली आहे. फुटपाथवर गोणपाटं पसरून शेंगांचे ढीग लागलेत. कोपऱ्यावरची बाई एक शेंग बोटांत चुरगळते आणि सरळ माझ्या नाकाखाली धरते. "सोगडु नोडी, अक्का!" म्हणजे वास बघा. इथे या शेंगा डोळ्यांनी पाहून घेत नाहीत, हुंगून घेतात. सालीवर एक चिकट तेल असतं, त्याचा उग्र, हिरवा दर्प बोटांना चिकटतो आणि जेवण झालं तरी जात नाही. हा दर्प जितका जास्त, तितकी शेंग चांगली. पुण्याहून नव्याने आलेली माझी शेजारीण म्हणते, "अगं, आपला वालच की हा!" मी तिच्याशी वाद घालत नाही. एरवी मी बहुतेक गोष्टींवर वाद घालते.

मी हुंगते, "सरी" म्हणते, म्हणजे ठीक, आणि शेंगा पिशवीत घेते. घरी आल्यावर आई दाणे काढते, पाण्यात भिजवते, दुसऱ्या दिवशी चिमटीत दाबून एकेक दाणा सालीतून उडवते. दोन महिने बेंगळुरूचा हा सगळा भाग त्याच वासाने भरून जातो. बसमध्ये तो असतो, मीटिंगला आलेल्या बायकांच्या पदरांना असतो, नुकत्याच छापलेल्या पत्रकांच्या शाईतूनही वर येतो. आणि दरवर्षी तो आला की मला तो एक हिवाळा आठवतो, ज्या हिवाळ्यात तो आला नाही.

शेंगा आल्या होत्या. वास आला नव्हता. कारण त्या हिवाळ्यात माझा श्वास नाकातून जात नव्हता.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकतीच पदवी घेतली होती आणि जग बदलायला निघाले होते. त्यात माझं कर्तृत्व थोडं, घराचं जास्त. बाबा निपाणीकडचे, तरुणपणी विडी कामगारांत वावरलेले, मग इथल्या एका कारखान्यात फिटर आणि युनियनचे कार्यकर्ते. आमच्या घरात देवघराच्या जागी सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. 'बंधू-भगिनींनो' हा शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्याही आधी येत होता. शाळेत निबंध लिहायचा तर शेवटी दोन मागण्या यायच्याच.

तर अशी मी. एके सकाळी माझ्या तळपायांना मुंग्या आल्या. संध्याकाळी जिना चढवेना. पुढच्या दिवसांत ते बळ जाणं पायांतून कमरेत, कमरेतून हातांत चढत गेलं, एखाद्या घरात कुणीतरी एकेका खोलीतला दिवा मालवत यावं तसं. नसांचा आजार, डॉक्टर म्हणाले. शरीराची राखण करणारी फौजच नसांवर उलटते. बहुतेक जण बरे होतात, पण दिवस काढावे लागतात. मग ते छातीपर्यंत पोचलं आणि मला अतिदक्षता विभागात नेऊन व्हेंटिलेटरवर ठेवलं. आधी तोंडातून नळी, मग गळ्याला छेद देऊन तिथून. मी पूर्ण शुद्धीत होते. सगळं ऐकत होते, सगळं मला कळत होतं, सगळं दुखत होतं. हलत होते फक्त डोळे, तेही वर आणि खाली. श्वास परत येईल का, आणि आला तर त्याच्याबरोबर आवाज येईल का, एवढे दोनच प्रश्न उरले होते. बाकीची क्रांती बाहेर थांबली होती.

तिथली सिस्टर सुमित्राक्का मला पहिल्यांदा दिसली ती उलटी. माझ्या उशाशी उभी राहून वाकलेली. तिचं कपाळ खाली, हनुवटी वर. गावाकडची, सीमेवरची, कन्नड-मराठी एकाच घोटात बोलणारी.

"नाव वाचलं गं मी तुझं. मराठी कळतंय न्हवं? कळत असलं तर डोळे वर कर. नसलं तर खाली कर." मग स्वतःशीच हसली. "कळत नसलं तर खाली तरी कशी करशील? मी पण वेडीच."

मी डोळे वर केले.

"सरी. आता तू आणि मी बोलायचं. वर म्हणजे होय, खाली म्हणजे न्हाई. मी चुकीचं विचारलं तर नुसतं बघ माझ्याकडं रागानं. तुझे बाबा सांगत होते, तुला राग चांगला येतो."

त्या दिवसापासून ती मला पुढारीणबाई म्हणू लागली.

तिची प्रश्न विचारायची एक पद्धत होती. आजही मी ती कुणाला समजावून सांगायला गेले की त्या पद्धतीतला जीव निघून जातो. ती डोक्यापासून सुरू करायची आणि कायम त्याच क्रमाने खाली जायची. दुखायलंय? वर. डोकं? खाली. मान, खांदे, पाठ? खाली, खाली, खाली. पाय? वर. डावा? वर. पोटरी? खाली. टाच? वर! मग चादर उचलून ती टाचेखालची एक चुणी सपाट करायची. कापडाची एवढीशी घडी. पण जिला पाय हलवता येत नाही तिच्यासाठी ती घडी म्हणजे रात्रभर टोचणारा दगड असतो. दोन प्रश्नांच्या मध्ये ती थांबायची, हे मात्र सांगायलाच हवं. माझे डोळे थकलेले असायचे, उत्तर उशिरा यायचं. ती तोवर दुसरीकडे बघायची नाही. घड्याळाकडे नाही, मॉनिटरकडे नाही, हातातल्या सुईकडेही नाही.

मी प्रश्नांत वाढलेली मुलगी. 'आणखी किती दिवस सहन करणार?' 'हाच का तुमचा न्याय?' असे प्रश्न मी शेकड्यांनी लिहिले आहेत. त्यांच्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह असतं, पण त्यांना उत्तर नको असतं. उत्तर आधीच ठरलेलं असतं, लिहिणाऱ्याच्या खिशात. 'टाच?' या प्रश्नाचं उत्तर सुमित्राक्काला ठाऊक नव्हतं. आणि ते तिला हवं होतं.

सकाळच्या ड्यूटीला ती आली की मी आधी तिची नखं बघायची. हात साबणाने, मग स्पिरिटने धुऊनसुद्धा नखांच्या कडांना काळपट हिरवी रेघ राहिलेली असायची.

"अवरेकाई," तिने एकदा सांगितलं. माझी नजर कुठे आहे ते तिने हेरलं होतं. "पहाटे उठून सोलते. सासूला भातावर हिचं सारू लागतंय रोज. वास येतोय काय तुला?"

खाली.

"हां. कसा येणार? वारा नाकातनं जातच न्हाई." तिने गळ्यातल्या नळीच्या कडेला हलकेच बोट लावलं. "इथनं आत, इथनंच बाहेर. नाकाला सुट्टी. येईल गं परत. तेव्हा म्हणशील, कशाला आला."

वास गेला आहे हे तोवर मला कळलंच नव्हतं. एवढं काही गेलं होतं की त्यात हे मोजलंच नव्हतं. तिने सांगितलं आणि मला रडू आलं. रडणंही फक्त डोळ्यांत, कारण चेहरा हलत नव्हता. तिने कापसाने पाणी टिपलं, पापण्या नीट मिटत नसल्याने डोळ्यांत घालायचे थेंब घातले आणि म्हणाली, "दोन्ही पाणी एकच झालं बघ. आता कुणाला कळणार न्हाई."

संध्याकाळी भेटायची वेळ असायची. आई यायची, माझ्या कपाळावर हात ठेवून उभी राहायची. आणि बाबा यायचे, पत्रक घेऊन. मुलीला बळ द्यायचं तर दुसरं काय द्यायचं, त्यांना ठाऊक नव्हतं. बोनसच्या मागणीचं नवं पत्रक ते माझ्या खाटेशी उभे राहून, कारखान्याच्या फाटकावर वाचतात त्या आवाजात वाचायचे. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा मुलगा मान डोलवायचा. एकदा तर "सरियागि हेळिदरि!" असं म्हणालाही. अगदी बरोबर बोललात!

"अण्णा, इथं माईक लागत न्हाई," सुमित्राक्का जाता जाता म्हणाली.

"सिस्टर, हे बघा," बाबांनी मॉनिटरकडे बोट दाखवलं. माझ्या नाडीची टकटक भराभर चालली होती. "रक्त सळसळतंय पोरीचं! ऐकतेय ती!"

सुमित्राक्काने मॉनिटर पाहिला, मग मला पाहिलं. बाबा गेले. दारं मिटली. मग ती खाटेशी आली.

"भाषण आवडतंय?"

मी डोळे हलवले नाहीत. वर म्हणणं खोटं, खाली म्हणणं बाबांशी दगा.

"बरं. मी चुकीचं विचारलं. राग येतोय बाबांचा?"

खाली.

"भीती वाटतेय?"

खाली. मग थोडं वर. मग खाली.

ती विचारात पडली. तिच्या मागे दुसऱ्या कुठल्या तरी खाटेवरून कण्हणं ऐकू आलं, तिने तिकडे पाहून "आले आले, बरतीनि" म्हटलं, आणि पुन्हा माझ्याकडे वळली. "उत्तर द्यावंसं वाटतंय. ते बोलतेत आणि तुझं सगळं हितं गळ्याशी येऊन अडकतंय."

मी डोळे इतके वर नेले की दुखले.

दुसऱ्या संध्याकाळी बाबा खिशातून पत्रक काढायच्या आत तिने त्यांना एक स्टूल दिलं. "अण्णा, आज जरा काम करा. मला माणसं कमी पडतात, तुमच्या युनियनला सांगा. हा हात धरा. असा. एकेक बोट सरळ करायचं, मिटायचं. सांधे धरले तर पुढं हिला लेखणी धरता येणार न्हाई. आणि बोलू नका हां. बोललात की जोर जास्त लागतोय."

हे शेवटचं तिने बनवलं होतं, मला पक्कं ठाऊक आहे. पण बाबा फिटर. काम म्हटलं की त्यांना कळतं. त्यांनी माझा हात एखादा नाजूक सुटा भाग उचलावा तसा उचलला. करंगळी सरळ केली, मिटली. अनामिका. मधलं बोट. मी लहान असताना मोर्च्यात हात सुटू नये म्हणून ते माझं मनगट धरायचे. बोटं त्यांनी कधी धरली होती, मला आठवेना. त्यांच्या अंगठ्याला स्टेन्सिलच्या शाईचा डाग होता. ते एक अक्षर बोलले नाहीत. नाडीची टकटक हळूहळू संथ होत गेली आणि ती संथ होताना बाबांनीही ऐकली. त्यांनी मान वर करून मॉनिटर पाहिला, मग माझ्याकडे. त्यांना कळलं असावं. रोज ते येत राहिले, स्टूल ओढून बसत राहिले, आणि पत्रक खिशातच राहिलं.

एका दुपारी मी जवळजवळ गेलेच होते. यंत्र नेहमीसारखं फुसफुसत होतं, आकडे ठीक होते, भोंगा वाजत नव्हता. पण मला श्वास पुरेना. हवा येत होती आणि पोचत नव्हती. सांगायचं कुणाला? डोळ्यांना आवाज नसतो. सुमित्राक्का हातात औषधांचा ट्रे घेऊन पलीकडच्या खाटेकडे निघाली होती. जाता जाता तिने माझ्याकडे पाहिलं आणि ट्रे होता तिथेच ठेवला.

"श्वास?"

वर.

तिने यंत्राची नळी सोडवली आणि हाताने दाबायची रबरी पिशवी जोडली. तिथे सगळे त्या पिशवीला अंबू म्हणायचे. एकदा दाबली, दोनदा दाबली. "घट्ट लागायलंय," ती कुणाला तरी म्हणाली. तिच्या हाताला ते कळलं होतं, की पिशवीतली हवा आत शिरताना अडते आहे. तेवढ्यात आकडे कोसळायला लागले आणि भोंगा वाजला. तरुण डॉक्टर धावत आले, "काय देऊ?" म्हणाले. तिने पिशवी त्यांच्या हाती दिली, मिठाच्या पाण्याचे थेंब नळीत सोडले, आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "आता खोकल्यागत होईल, वाईट वाटेल, मी हितंच हाय." मग सक्शनची बारीक नळी आत घातली. छातीतून कुणीतरी दोर ओढावा तसं झालं. वाळलेल्या कफाचा एक खडा बाहेर आला. एवढासा खडा.

मग तिने पिशवी परत स्वतःकडे घेतली. यंत्र जोडता आलं असतं, पण तिने लगेच जोडलं नाही. मला वाटतं मी किती घाबरले आहे ते तिला दिसत होतं. ती दाबत राहिली आणि विचारत राहिली. "हळू हवा? एवढा पुरे? अजून?" मी डोळ्यांनी सांगायची आणि श्वास तसा यायचा. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ती स्वतः श्वास घेते आहे तेव्हाच पिशवी दाबते आहे. तिची छाती वर, माझी छाती वर. त्या दुपारी आमचा दोघींचा मिळून एकच श्वास चालला होता. माणूस माणसाच्या इतकं जवळ येऊ शकतं हे मला कुठल्याच पत्रकाने सांगितलं नव्हतं.

जानेवारीच्या अखेरीला छातीत बळ येऊ लागलं. आधी थोडा वेळ यंत्राविना, मग जास्त वेळ. पहिल्यांदा नळी सोडवली तेव्हा ती म्हणाली, "आता तुझं तू. मी बघायलेय." मी घेतला तो श्वास आखूड होता, पण माझा होता. मग एक दिवस गळ्यातल्या छिद्रावर हातमोजा घातलेलं बोट ठेवून ती म्हणाली, "श्वास सोड आणि बोल. हवा आता वरनं जाईल."

आई पदर तोंडाशी धरून उभी होती. बाबा स्टुलावरून उठले होते. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. जणू आता सभा सुरू होणार होती.

मी बोलले. घोगरा, फाटका, माझा म्हणून ओळखू न येणारा आवाज. "डोकं खाजतंय."

सुमित्राक्का इतकी हसली की तिचं बोट सुटलं आणि माझं पुढचं वाक्य गळ्यातूनच फुस्स झालं. बाबा हसले, आई रडता रडता हसली, पलीकडच्या म्हाताऱ्याचा मुलगाही हसला. "इतके दिवस!" ती म्हणाली. "सगळं विचारलं गं मी, डोकं खाजतंय काय हे कधी विचारलंच न्हाई!" आणि तिने दोन्ही हातांनी माझं डोकं खाजवलं, चांगलं, पोटभर.

जायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, "मी तुमच्यावर लिहीन."

"काय लिहिशील? माऊली? देवी?" तिचा आवाज एकदम कडक झाला. "तसलं लिहायचं असलं तर नको लिहू. पहिल्या वर्षी मी पेशंटला न सांगता नळी घालायची. एक म्हातारी माझ्या हातात थरथरत ऱ्हायची, मला वाटायचं थंडी वाजतेय, मी पांघरूण घालायची. आमच्या इनचार्ज सिस्टरनी कान धरून शिकवलं. आधी तोंड बघ, मग नळी बघ. चुकत चुकत शिकले मी. नाडी बघायला शिकतेत तसं माणूस बघायला शिकावं लागतंय."

हे मी तेव्हापासून सगळीकडे सांगत आले आहे आणि सांगत राहीन. या कामाला ममता म्हणू नका. ममता म्हटलं की ती बाईच्या पोटात आपोआप उगवते असं ठरतं, आणि आपोआप उगवणाऱ्या गोष्टीला ना प्रशिक्षण लागतं, ना पगार, ना माणसं. मग एकेका सिस्टरवर खाटांची रांग सोपवून व्यवस्थापन मोकळं होतं, वर्षातून एक दिवस हातात गुलाब देतं, सेवाभावाचं भाषण करतं. भीती आणि वेदना यांतला फरक फक्त डोळ्यांवरून ओळखणं हे कौशल्य आहे. शीर सापडण्याइतकंच कठीण, आणि त्याहून उशिरा येणारं. ज्यांच्याकडे ते आहे त्यांना ते वापरायला वेळ द्या. मागणी एवढीच आहे.

हे मी भाषणात म्हणते. टाळ्या पडतात. मी पूर्वीसारखीच बोलते, कदाचित जास्त. बाबाही पुन्हा फाटकावर वाचतात, आणि आमच्या घरात दोघे एकाच वेळी बोलत असतात. माझं वाक्य संपायच्या आत लोक मान डोलवतात, किंवा विरोध करतात. दोन्हींत त्यांचं उत्तर आधीच तयार असतं. आवाज परत मिळाला, नाक परत मिळालं, बोटं लेखणी धरतात. काहीही गमावलं नाही असं डॉक्टर म्हणतात. मग अवरेकाईच्या दिवसांत हे रितेपण कुठून येतं? त्या आजाराची आठवण कुणाला हवीशी वाटेल? तरी मला वाटते. टाचेखालची चुणी कुणीतरी शोधत येईल, या खात्रीची आठवण येते.

त्या उन्हाळ्यात काठी टेकत मी एकदा तिला भेटायला इस्पितळात गेले. काय बोलायचं ते बसमध्ये घोकलं होतं, आभाराचे तीन मुद्दे, क्रमाने. तिला निरोप पाठवला. ती हात पुसत दाराबाहेर आली, क्षणभर मला ओळखलंच नाही. उभी असलेली मी तिने कधी पाहिली नव्हती.

"अगं, पुढारीणबाई! एवढी उंच हायेस?" मी काहीतरी बोलले तर ती मान कलती करून ऐकत राहिली. "आणि आवाज असा हाय होय तुझा? मला उगंच जाड वाटायचा."

मी पहिला मुद्दा सुरू केला. आतून भोंगा वाजला. "स्वल्प थांब हां," म्हणत ती वळली, आणि दार तिच्यामागे झुलत झुलत मिटलं.

दाराला वर काचेची चौकट होती. मी टाचा उंचावून पाहिलं. माझ्या खाटेवर कुणी एक मध्यमवयीन माणूस होता, तोंडात नळी, छातीवर तारा. भोंगा थांबला होता. ती त्याच्या उशाशी वाकली होती. तिचे ओठ हलले. काहीतरी छोटं, एका शब्दाचं विचारलं असावं. मग ती थांबली. मागून कुणीतरी तिला हाक मारली, तिने हात वर करून त्याला थांबवलं, आणि त्या माणसाच्या डोळ्यांतून उत्तर यायची वाट बघत तशीच वाकून राहिली.

मी बाहेर उभी होते, काठी टेकून का होईना, माझ्या दोन पायांवर, घशात तीन मुद्दे घेऊन. आणि मला त्या माणसाचा हेवा वाटला.